कोरा नमुना

वनिता आते राब भाजते आहे.
खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा,
सगळ्यात वर मुठीतून झिरपवलेली माती,
आणि आग लावायची ती वाऱ्याच्या पाठीला.
"वाऱ्याच्या तोंडाला लावलीस तं धावत सुटते," ती सांगते,
"जमीन ऱ्हाते कच्ची."
आग तिचं ऐकते.
धूर कुणाचं ऐकत नाही.
हेदवीच्या सड्यावरून तो उठतो,
कलमांच्या बागेतून वाट काढतो,
खाडीवर जरा रेंगाळतो
आणि दिसेनासा होतो.

दिसेनासा झाला म्हणजे संपला,
असं मीही धरून चाललो होतो
उत्तरेच्या त्या बेटावर जाईपर्यंत.

तिथे माझं काम एवढंच:
दर सोमवारी एक गोल गाळणकागद बदलायचा.
अळूवडीच्या चकतीएवढा, पांढराफेक.
चिमट्याने उचलायचा, श्वास रोखून,
कारण माझा श्वाससुद्धा भेसळच.
सात दिवस पंप हवा ओढायचा
आणि सात दिवसांनी कागद व्हायचा
तांदळाच्या धुवणाच्या रंगाचा.
एका आठवड्याची अख्खी हवा, आणि एवढाच डाग.
आतेच्या चुलीशी धरला असता
तर तासाभरात काजळाची डबी.

खांद्याला बंदूक असायची, अस्वलासाठी.
जोडीला एइविंड,
दिवसाला तीन वाक्यं बोलणारा,
त्यातलं एक वाऱ्याबद्दल.

चार महिन्यांची रात्र सरली, मग उजेड,
मग चैत्र. तिथे त्याला चैत्र म्हणणारा मी एकटाच.
आणि नेमकं तेव्हाच आभाळ गढूळ व्हायचं,
जिथे चूल नाही, गाव नाही, झाड नाही
तिथलं आभाळ.
लांबच्या भट्ट्या असतील, लांबची रानं.
आते, तुझा धूर तिथवर पोचला असं मी म्हणत नाही.
पोचला नाही, असंही म्हणत नाही.
कागदावर कुणाचं नाव उमटत नसतं.

घमेलं उपडं घालून मी बांधावर बसलो
आणि तिला तिथला एक नियम सांगितला:
वारा आमच्याच जनरेटरकडून वाहू लागला
की पंप आपोआप बंद.
आपला धूर नमुन्यात येऊ द्यायचा नाही.
नाहीतर जगाचा कोणता, आपला कोणता, कळायचं कसं?

आते हसली नाही.
आकडीने जळकं कवळ आत ओढत म्हणाली,
"मंग तुमचा धूर मोजतो कोन?"

एइविंडचं तिन्हींपैकी एकही वाक्य
तेव्हा कामाला आलं नाही.
वर्षभरात पंप किती तास बंद राहिला
ते वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.
ते पान कुणी मागितलं नाही.

दर नऊ कागदांमागे एक कोरा असायचा.
तोही डबीतून काढायचा, यंत्रात बसवायचा,
पंप न चालवता तसाच काढून परत डबीत.
प्रवासात काय चिकटलं ते कळावं म्हणून.
एवढ्या लांब जाऊन
एकही श्वास न घेता आलेला.
त्यातला एक जास्तीचा ठरला,
मोज्यांच्या घडीत माझ्याबरोबर घरी आला,
दोन पावसाळे कपाटात राहिला.

आज तो खिशात होता. तिला दाखवला.
"हात लावू नकोस" असं म्हणेपर्यंत
तिने बोट टेकवलंही होतं,
शेणाचं, राखेचं, नखाशी चिरलेलं बोट.
"ह्यो कसला कागद," ती म्हणाली, "ह्याच्यावर तं कायच नाय."
आणि मग, तिचं तिलाच दिसलं.

डबीवर चार रकाने छापलेले असतात.
ठिकाण: हेदवी, सडा.
तारीख घातली.
किती तास, तिथे रेघ मारली.
वाऱ्याची दिशा:
पेन्सिल थोडी थांबली.
आमच्याकडून.

"त्या कोपऱ्यातली आग निजली रं," आते ओरडली,
"बसलास काय, पातेरा टाक."
मी उठलो. टाकला.